साडेसहा हजारांपायी गोठलेलं खातं

तुमचं बँक खातं आत्ता गोठलेलं असेल आणि झोप उडाल्यामुळे रात्री दोन वाजता मोबाईलवर उपाय शोधत तुम्ही इथवर आला असाल, तर आधी दोनच गोष्टी सांगते. 'खातं सोडवून देतो' म्हणणाऱ्या कुणालाही एक रुपया देऊ नका. आणि सकाळी बँक उघडली की स्वतः आपल्या शाखेत जा. कस्टमर केअरला फोन लावून काही हाती लागत नाही, मी लावून पाहिलाय. बाकीचं सावकाश वाचा, लांबलचक आहे.

मी पुण्यात एमएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर बार्शीला, पुण्यात कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहते. ११ जानेवारी २०२५ ला, शनिवारी, मी माझा जुना २४ इंची मॉनिटर विकला. जुन्या वस्तूंच्या ॲपवर जाहिरात टाकली होती, आठ हजार मागितले होते, घासाघीस होत होत साडेसहावर ठरलं. माझ्याच वयाचा एक मुलगा आला. लॅपटॉपला जोडून बघितला, कोपऱ्यातला ओरखडा दाखवून आणखी पाचशे सोडायला लावायचा प्रयत्न केला, आणि मग म्हणाला, "पैसे दादा पाठवतोय." मिनिटभरात साडेसहा हजार जमा झाल्याचा मेसेज आला. पाठवणाऱ्याचं नाव वेगळं होतं, पण आमच्यात मेसचे पैसे रूममेट देते, तिकिटाचे कुणाचा तरी भाऊ देतो, त्यामुळे त्यात वावगं असं काही नव्हतं. मॉनिटर माझ्याच जुन्या चादरीत गुंडाळून तो रिक्षाने घेऊन गेला.

२९ जानेवारीला, बुधवारी, कॉलेजसमोर चहाचे पैसे जाईनात. सर्व्हर डाऊन असेल म्हणून मैत्रिणीने दिले. दुपारी झेरॉक्सवाल्याकडे तेच, संध्याकाळी एटीएमनेही नकार दिला. शिल्लक मात्र नीट दिसत होती, तेवीस हजारांच्या आसपास. बँकेकडून ना एसएमएस, ना मेल. पाकिटात पन्नासची एक नोट आणि थोडी चिल्लर. यूपीआय देशात २०१६ मध्ये आलं तेव्हा मी शाळेत होते. स्वतःचा खर्च स्वतः करायला लागले तेव्हापासून रोख पैसे जवळ बाळगायची वेळच आलेली नाही. बाबा दर वेळी "थोडी कॅश ठेवत जा" म्हणायचे आणि मी हो म्हणून सोडून द्यायचे.

दुसऱ्या दिवशी शाखेत गेले. काउंटरवरच्या मॅडमनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि आवाज एकदम उतरवून म्हणाल्या, "सायबरची एंट्री आहे. डेबिट फ्रीझ." म्हणजे खात्यात पैसे येऊ शकतात, बाहेर जाऊ शकत नाहीत. का? "ते वरून येतं, आम्हाला माहीत नसतं. पोलिसांशी बोला." कुठल्या पोलिसांशी? "ते आम्ही कसं सांगणार?"

इथून बरेच जण परत फिरतात आणि आठवडा वाया जातो. माहिती बँकेकडे असते. मी तिथेच उभी राहिले, मागची रांग कुरकुरायला लागली, तेव्हा त्यांनी आत जाऊन कुणाला तरी विचारलं आणि एका कोऱ्या विड्रॉल स्लिपच्या पाठीवर लिहून दिलं: तक्रारीचा पोच क्रमांक, वादातली रक्कम ६,५००, राज्य तेलंगणा, आणि ज्या पोलीस ठाण्यातून सूचना आली त्याचा ईमेल. याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. जमलं तर हे शाखेकडून मेलवर मागा, कारण हाताने लिहिलेल्या लांबलचक क्रमांकात एक आकडा चुकला तरी सगळं मुसळ केरात. आणि एक विचाराच: पूर्ण खातं थांबवलंय की फक्त तेवढ्या रकमेवर लीन आहे, म्हणजे तेवढीच रक्कम अडवून ठेवलीय? माझ्या बाबतीत साडेसहा हजारांसाठी तेवीसच्या तेवीस हजार अडकवले होते.

हे सगळं चालतं कसं ते लॉ करणाऱ्या एका सीनियरने समजावलं. कुणाची ऑनलाइन फसवणूक झाली की तो १९३० या हेल्पलाइनला फोन करतो किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकतो. पोर्टल २०१९ चं, बँकांना त्याला जोडणारी यंत्रणा २०२१ पासूनची, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतली. पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला लगेच निरोप जातो. तिथे पैसे असले तर तिथेच अडवायचे, पुढे गेले असले तर पुढचं खातं, मग त्याच्या पुढचं. याला ते लेयर म्हणतात. मी तिसऱ्या लेयरला होते. कुणीतरी कुणालातरी फसवलं, ते पैसे एका भाड्याच्या, म्हणजे कमिशन देऊन वापरायला घेतलेल्या, खात्यात गेले, तिथून दुसऱ्या, आणि तिथून साडेसहा हजारांचा एक तुकडा माझ्या मॉनिटरसाठी.

ही यंत्रणा नकोच असं मी म्हणणार नाही. चोर पैसे काही मिनिटांत पांगवतो, त्यामुळे अडवायचे तर लगेच अडवायला हवेत. पण अडवण्याचं काम यंत्रणा करते आणि सोडवण्यासाठी मात्र कुणीतरी माझी फाईल उघडून वाचावी लागते. त्यातून त्या सगळ्या साखळीत पैसे कशाचे होते हे सांगायला एकही रकाना नाही. पाठवणारा, घेणारा, रक्कम, वेळ. चादरीत गुंडाळलेला मॉनिटर कुठल्याच टेबलात बसत नाही. मी डेटाबेस शिकते, मला हे खरं तर आधीच सुचायला हवं होतं.

शाखेतून आले त्या रात्री मी मोबाईलवर दोन-तीन गोष्टी शोधल्या असतील, आणि सकाळपासून इन्स्टाग्रामवर 'अकाउंट अनफ्रीझ चोवीस तासांत' अशा रील्सचा पूर आला. सूट घातलेला माणूस, मागे कायद्याची जाडजूड पुस्तकं, खाली शेकडो कमेंट्स: "सर प्लीज हेल्प", "डीएम केलंय सर". एकाला मी मेसेज केला. त्याने पाच हजार आगाऊ मागितले आणि आधार, पॅन, पासबुकचे फोटो पाठवायला सांगितले. फसवणुकीत सापडलेल्यांना पुन्हा फसवण्याचा हा एक स्वतंत्र धंदाच आहे. पोलीस ठाण्याचा नंबरही सर्च करून पहिला दिसेल तो लावू नका, त्या राज्याच्या पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या.

आणि लोक. वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी गमतीत 'डिजिटल अरेस्ट' लिहिलेलं मीम टाकलं, त्यावर हसण्याचे इमोजी पडले. एका मुलीने बाजूला घेऊन विचारलं, "तू खातं भाड्याने दिलं होतंस का गं?" मला राग आला, पण प्रश्न अगदीच हवेतला नव्हता. आमच्याच कॉलेजातल्यांच्या एका टेलिग्राम ग्रुपवर 'सेव्हिंग अकाउंट पाहिजे, दर आठवड्याला कमिशन, काही रिस्क नाही' असे मेसेज मी पाहिलेत आणि इतर शंभर मेसेजसारखे वर सरकवलेत. गेमच्या आयडी विकणं, फॉलोअर्स विकणं, रेटिंग विकणं यांच्याच रांगेत तो मेसेज येतो, त्यामुळे खटकतही नाही. कुणीतरी त्याला हो म्हणालं असणार, तेव्हाच तो पहिला आणि दुसरा लेयर तयार झाला.

पुण्यातल्या पोलिसांकडेही गेले होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की ज्या ठाण्याने थांबवलंय त्यांनीच सोडायचं असतं, इथून काही करता येत नाही. मग ३ फेब्रुवारीला, सोमवारी, तेलंगणाला मेल केला. अर्ज सीनियरसोबत बसून इंग्रजीत लिहिला, दोन पानांच्या आत. विषयात पोच क्रमांक आणि खाते क्रमांक. मजकुरात मी कोण, पैसे कशाचे, कुणाकडून, कुठल्या तारखेला. सोबत सगळं एकाच पीडीएफमध्ये: आधार, कॉलेजचं ओळखपत्र, सहा महिन्यांचं शिक्क्याचं स्टेटमेंट (बँकेने जीएसटीसकट ११८ रुपये घेतले), मॉनिटरच्या मूळ खरेदीचं बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, त्या मुलाशी झालेलं सगळं चॅट त्याच्या नंबरासकट. चॅट आजच एक्स्पोर्ट करून ठेवा. समोरच्याने प्रोफाईल उडवलं की त्या ॲपवर पुष्कळदा आपल्याकडचंही काही उरत नाही. माझ्या नशिबाने आमचं बोलणं आधीच व्हॉट्सॲपवर आलं होतं.

अर्जातलं खरं मागणं एकाच वाक्याचं होतं: वादातल्या ६,५०० रुपयांवर लीन राहू द्या, बाकीचं खातं खुलं करा. 'माझे सगळे पैसे सोडा' असं लिहिलं तर अधिकाऱ्याला आधी तुम्ही निर्दोष आहात हे ठरवावं लागतं, आणि ते तो इतक्यात ठरवणार नाही. एवढंच मागितलं तर त्याला सही करणं सोपं जातं. सीनियरने त्यात केरळ उच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालाचा उल्लेख घातला. पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरतंच खातं अडवावं, असं त्यात बँकांना सांगितलंय. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६, जे १ जुलै २०२४ आधी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, १०२ होतं. त्यानुसार जप्ती केली की पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. धमकीच्या सुरात लिहू नकोस, फक्त माहीत आहे एवढं कळू दे, असं त्याने बजावलं. त्याच दिवशी छापील प्रत स्पीड पोस्टाने पाठवली, चाळीसेक रुपये. मेल हरवतात, पोस्टाची पोच तरी हातात राहते.

मग वाट बघणं सुरू झालं. ताईने मला भीम ॲपवर तिच्या यूपीआय सर्कलमध्ये घेतलं. म्हणजे पैसे तिच्या खात्यातून जातात, पण मी स्कॅन करते आणि प्रत्येक वेळी तिच्या फोनवर परवानगी मागितली जाते. ती नाशिकला नोकरी करते. मी नळस्टॉपला वडापावच्या गाडीसमोर उभी, वडापाव हातात, मागे माणसं, आणि ताई मीटिंगमध्ये. चार-पाच मिनिटांनी परवानगी यायची आणि पाठोपाठ मेसेज: "पुन्हा वडापाव? मेस काय झाली?" माझं रोजचं खाणंपिणं, बस, झेरॉक्स सगळं तिला कळत होतं. महिन्याभरात तिला माझ्याबद्दल जेवढं कळलं तेवढं गेल्या चार वर्षांत मी सांगितलं नव्हतं. तरीही, गोठलेलं खातं असताना ही सोय फार कामाची आहे, दुसऱ्या खात्याची गरज लागत नाही. बाबांनी ओळखीच्या माणसाच्या हाती तीन हजार रोख पाठवले आणि सोबत शेंगदाण्याची चटणी. परीक्षेची फी रूममेटने भरली.

पोलीस ठाण्याला फोन लावला की रिंग जायच्या आधी सायबर फसवणुकीपासून सावध राहण्याची रेकॉर्ड केलेली सूचना वाजायची. सायबर पोलिसांनाच फोन लावताना ती पूर्ण ऐकून घ्यावी लागायची, आणि मग फोन एंगेज यायचा. १० तारखेला कुणीतरी उचलला. तेलुगू वळणाची हिंदी, थकलेला पण सभ्य आवाज. "मॅडम, मेल बहुत आता है, आपका नंबर बोलिये." मी पोच क्रमांक सांगितला, त्यांनी दोनदा म्हणून घेतला. तपास अधिकारी रजेवर होते. सकाळी अकरा ते एकच्या मध्ये लावा, दुपारनंतर सगळे कोर्टात असतात, ही टीप त्यांनीच दिली आणि ती खरी निघाली.

पुढच्या फोनवर अधिकारी भेटले. चॅट वाचल्याचं त्यांच्या प्रश्नांवरून कळत होतं: त्या मुलाचा चेहरा आठवतो का, रिक्षाचा नंबर बघितला का, मॉनिटरचा सिरियल नंबर आहे का. सिरियल नंबर बिलावर होता. तक्रारदार कोण, हे मी विचारलं. एक निवृत्त गृहस्थ, एवढंच सांगितलं. हॉटेलांना ऑनलाइन रेटिंग देण्याचं घरबसल्या काम, आधी थोडे पैसे मिळतात, मग 'टास्क' पुढे न्यायला स्वतःचे भरायला लावतात. चार लाखांच्या वर गेले होते. त्यातले साडेसहा हजार माझ्याकडे. इतके दिवस मी स्वतःला या प्रकरणातली एकमेव पीडित समजत होते, त्याला इथे खीळ बसली.

फेब्रुवारीत कामाचे दिवस थोडेच मिळाले. १९ ला शिवजयंती, २२ ला चौथा शनिवार, २६ ला महाशिवरात्र. २४ ला मला मेल आला: बँकेला कळवलंय, ६,५०० वर लीन ठेवून खातं खुलं करावं. मी तो मेल घेऊन नाचत शाखेत गेले. "आम्हाला आलेलं नाही." पोलिसांचा मेल शाखेला येत नाही, बँकेच्या नोडल ऑफिसला, म्हणजे अशा सूचना हाताळणाऱ्या कार्यालयाला जातो, तिथून तपासून शाखेला कळवतात. हे आधी माहीत असतं तर मी पोलिसांकडून जावक क्रमांक आणि तो मेल नेमका कुठल्या पत्त्यावर पाठवला ते त्याच दिवशी मागून घेतलं असतं. तुम्ही मागा.

आणि वर शाखेने हमीपत्र मागितलं, स्टँपपेपरवर: पुढे काही निघालं तर बँक जबाबदार नाही. शंभराचा स्टँप ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही, पाचशेचा घ्यावा लागतो. वर नोटरी आणि टायपिंग. साडेसहा हजारांच्या प्रकरणात सातेकशे रुपये एका कागदाला गेले, ते मला आजही टोचतंय. हे हमीपत्र कुठल्या नियमाखाली मागताय, असं लेखी विचारावं, असं सीनियर नंतर म्हणाला. माझ्यात तेव्हा तेवढा दम उरला नव्हता.

१२ मार्चला संध्याकाळी ताईला एक रुपया पाठवला. गेला. तिने लगेच फोन केला आणि पहिलं वाक्य होतं, "आता तू काय खातेस ते मला कसं कळणार?"

एप्रिलमध्ये त्याच अधिकाऱ्यांचा मेल आला. लीन असलेली रक्कम तक्रारदाराला परत देण्यासाठी ते कोर्टात अर्ज करत होते, माझी हरकत आहे का? बाबांचं मत ठाम होतं: वस्तू आपण दिली, मोबदला घेतला, चोर तो मुलगा, मग आपण का सोडायचे? सीनियरही म्हणाला की हरकत घेतलीस तर तुझी बाजू अगदी लंगडी नाही, बिल आहे, चॅट आहे, पण कोर्ट तिथलं, जाणं-येणं तुझं. हिशेब केला तर तेलंगणात, सिकंदराबादच्या एका फेरीतच निम्मे पैसे संपणार होते. पण खरं सांगायचं तर माझा निर्णय त्या हिशेबावर झाला नाही. मॉनिटर माझा होता, पैसे मात्र त्या गृहस्थांचे होते आणि ते ओळखता येत होते, नोटेवर नाव लिहावं तसे. मी 'हरकत नाही' असं लिहून पाठवलं, मात्र त्यात हेही लिहिलं की मी कुठलाही गुन्हा कबूल करत नाही आणि हे नाहरकत केवळ या रकमेपुरतं आहे. हे वाक्य विसरू नका.

बाबांना ते अजून पटलेलं नाही. परवा फोनवर पुन्हा निघालंच. "त्या माणसाला कळलं तरी का, पैसे कुणी सोडले ते?" नसेल कळलं. कोर्टाचा आदेश अजून आलेला नाही, स्टेटमेंटमध्ये साडेसहा हजार माझ्या नावावर दिसतात आणि वापरता येत नाहीत. लीन निघेल तेव्हा शाखेकडून तसं शिक्क्याचं पत्र मागून घेणार आहे, कारण मॅडमच म्हणाल्या की मागितल्याशिवाय ते कुणी देत नाही.